आचरेकर सरांचं झाड

एपिसोडमध्ये हा भाग मी वेळ संपत आल्यामुळे धावत सांगितला होता, म्हणून इथे नीट लिहितो.

अमेरिकन फुटबॉलवाले एक भारी शब्द वापरतात, 'कोचिंग ट्री'. म्हणजे कोच लोकांची वंशावळ. बिल वॉल्श यांच्या हाताखाली माइक होमग्रेन तयार झाले, होमग्रेन यांच्या हाताखाली अँडी रीड, आणि रीडनी कॅन्सस सिटीला तीन सुपर बोल जिंकून दिले. गंमत म्हणजे वॉल्श आणि रीड दोघंही खेळाडू म्हणून एनएफएलमध्ये एकही मॅच खेळलेले नाहीत.

आता आपल्याकडचं झाड बघा. मूळ सापडतं शिवाजी पार्कला. रमाकांत आचरेकर सर, मूळचे मालवणचे. स्वतः फर्स्ट क्लास मॅच किती खेळले? फक्त एक! त्यांच्याकडून सचिन आला, ते स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला रस आहे तो त्यांच्या हाताखालून जे स्वतः कोच झाले त्यांच्यात.

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. सचिन आणि विनोद कांबळीची ६६४ धावांची भागीदारी चालू आहे आणि शारदाश्रमचा पुढचा बॅट्समन पॅड बांधून बसलाय. त्याची बॅटिंग आलीच नाही. तो मुलगा म्हणजे अमोल मजुमदार. पुढे रणजी पदार्पणात २६० धावा, कारकिर्दीत ११,००० च्या वर फर्स्ट क्लास धावा, पण भारतासाठी एकही मॅच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते महिला संघाचे कोच झाले, तेव्हा 'हे कुठे इंटरनॅशनल खेळलेत?' असं म्हणणारे होतेच. २०२५ च्या वर्ल्डकपमध्ये ओळीने तीन मॅच हरल्यावर तर विचारूच नका. मग सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचं ३३९ चं टार्गेट गाठलं आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून कप घेतला.

दुसरे चंद्रकांत पंडित. हे पाच टेस्ट खेळले. मध्य प्रदेशचे कॅप्टन असताना १९९९ ची रणजी फायनल बेंगळुरूत कर्नाटकविरुद्ध हरले. नंतर कोच म्हणून मुंबईला रणजी जिंकून दिली. तोपर्यंत एकदाही न जिंकलेल्या विदर्भाला तर लागोपाठ दोनदा, २०१७-१८ आणि २०१८-१९. आणि २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामीवर, त्याच मध्य प्रदेशला घेऊन, समोर आपलीच मुंबई! सहा विकेट्सनी जिंकले आणि मैदानातच त्यांना रडू आलं. २३ वर्षं हो. पंडितांची शिस्त फार कडक, सगळ्यांना झेपत नाही, हेही खरं. आयपीएलमध्ये त्यावरून कुजबुज झालीच.

मला वाटतं, ज्याचं खेळाडू म्हणून काहीतरी राहून गेलंय त्याला बाकावर बसलेलं पोरगं आधी दिसतं. हा काही नियम नाही, माझं मत आहे.

कारण मीही दहावीपर्यंत विरारहून किटबॅग घेऊन दादरला जायचो. सकाळच्या लोकलमध्ये त्या बॅगेवरून किती शिव्या खाल्ल्यात! पृथ्वी शॉसुद्धा विरारहूनच वांद्र्याला जायचा, पण त्याची गोष्ट वेगळी. मी एक अख्खा सीझन बारावा गडी होतो. आमच्या तेव्हाच्या सरांनी का बसवलं ते कधी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मग बारावी, बीटेक, नोकरी.

आता रविवारी सोसायटीतल्या पोरांना मी बॉल टाकतो. गेल्या रविवारी एका मुलीला पॅड बांधून दोन तास बसवलं आणि अंधार पडला. बॅटिंग आलीच नाही. घरी येऊन हा भाग एडिट करताना मजुमदारांचा किस्सा कानावर पडला आणि तिच्या आईला मेसेज केला: पुढच्या रविवारी ओपनिंगला तीच.