नेटवर्क इंटरफेस, फायरवॉलमधील
नेटवर्क इंटरफेस, फायरवॉलमधील : संगणक ज्या द्वारातून नेटवर्कशी माहितीच्या पॅकेटांची देवघेव करतो, त्यास नेटवर्क इंटरफेस म्हणतात. दोन नेटवर्कांच्या सीमेवर कोणते पॅकेट जाऊ द्यावे व कोणते अडवावे, हे ठरविणाऱ्या यंत्रणेस फायरवॉल ही संज्ञा आहे. अशा फायरवॉलला सामान्यतः दोन इंटरफेस असतात : इंटरनेटकडील बाह्य व कार्यालयाकडील आंतर. लोकांसाठी खुले असलेले सर्व्हर अलग ठेवण्यासाठी तिसरा जोडतात.

प्रत्येक इंटरफेस म्हणजे स्वतंत्र कार्डच असते असे नाही. १२७.०.०.१ हा पत्ता असलेला लूपबॅक इंटरफेस संगणकाच्या अंतर्गत संदेशांपुरता असतो. व्हीपीएनचा बोगदाही स्वतंत्र इंटरफेस म्हणून गणला जातो. त्यातून आलेल्या उकललेल्या पॅकेटांना मूळ कार्डासाठी लिहिलेले नियम लागू पडत नाहीत.

पॅकेटावरील पत्ता प्रेषकच लिहितो, म्हणून तो खोटा असू शकतो. पॅकेट कोणत्या इंटरफेसमधून आले, हे मात्र फायरवॉलला स्वतःच समजते. १९९६ मध्ये खाजगी वापरासाठी निश्चित झालेल्या १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५ या पत्त्यांपैकी एखादा धारण करणारे पॅकेट इंटरनेटकडून आल्यास ते त्याज्य ठरवितात.

लिनक्सच्या २.४ आवृत्तीबरोबर (२००१) आलेल्या आयपीटेबल्समध्ये नियमाला आगमनाचा व निर्गमनाचा इंटरफेस सांगता येतो. येथे ‘आत’ व ‘बाहेर’ हे शब्द कार्यालयाच्या नव्हे, तर फायरवॉलच्या दृष्टीने योजलेले असतात. इंटरनेटवरून कार्यालयाकडे जाणारे उत्तर बाह्य इंटरफेसमधून आत येते व आंतर इंटरफेसमधून बाहेर पडते. हा भेद ध्यानी न घेतल्यास नियम उलट लिहिले जातात.

पूर्वी लिनक्समध्ये कार्डांना, ती ज्या क्रमाने आढळतील त्या क्रमाने, ‘ईथ०’, ‘ईथ१’ अशी नावे मिळत. नवे कार्ड बसविल्यावर हा क्रम बदलू शके. मग तेच नियम भलत्याच द्वारांना लागून परक्यांना प्रवेश व स्वकीयांना मज्जाव होण्याचा धोका असे. यावर उपाय म्हणून २०१३ मध्ये सिस्टमडी या प्रणालीने कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धती आणली, उदा., ‘ईएनपी३एस०’ या नावातील ३ हा बसचा क्रमांक होय. तरीही नियम लिहिण्यापूर्वी प्रत्येक कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता व त्यास जोडलेली केबल पडताळून पाहणे आवश्यक असते.