शक्ति-रोहित्र, नलिका रेडिओ ग्राहीतील

निर्वात नलिकांवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या रेडिओ ग्राहीस लागणारे निरनिराळे विद्युत् दाब घरगुती प्रत्यावर्ती पुरवठ्यापासून मिळवून देणारे साधन. कारागिरांत ते ट्रान्सफॉर्मर या नावानेच ओळखले जाते. १९६० नंतरच्या दशकात ट्रँझिस्टर ग्राहींच्या प्रसारामुळे नलिकांचे ग्राही मागे पडले. तथापि जतन केलेल्या संचांची दुरुस्ती अद्यापि होत असते व तीत सर्वांत महाग पडणारा दोष या रोहित्राचा असतो. जळालेले रोहित्र बहुधा दोषाचे मूळ नसून परिणाम असते. मूळ कारण दूर न करता बसविलेले नवे रोहित्रही तसेच जळते.

पातळ पोलादी पत्र्यांच्या गाभ्यावर एक प्राथमिक व दोन-तीन दुय्यम गुंडाळ्या असतात. उच्च दाबाची गुंडाळी सामान्यतः मध्यबिंदू काढलेली, प्रत्येक बाजूस २५० ते ३५० व्होल्ट देणारी असते. नलिकांच्या तापकांसाठी ६·३ व्होल्टची जाड तारेची गुंडाळी असते. ५वाय३ सारख्या एकदिशकारक नलिकेस ५ व्होल्टची स्वतंत्र गुंडाळी लागते. ही गुंडाळी संच चालू असताना उच्च एकदिश दाबावर असते. तेव्हा ५ व्होल्टची म्हणून ती निर्धोक समजणे प्राणघातक ठरू शकते. ईझेड ८० या नलिकेत ऋणाग्र तापकापासून निराळे असल्यामुळे ती इतर नलिकांच्याच तापक गुंडाळीवर चालते. काही संच मात्र प्रत्यावर्ती व एकदिश अशा दोन्ही पुरवठ्यांवर चालण्यासाठी बनविलेले असत. त्यांत शक्ति-रोहित्र नसते, तापक एकसरीत जोडलेले असतात आणि धातूची चासी थेट पुरवठ्यास जोडलेली असू शकते. म्हणून संच कोणत्या प्रकारचा आहे हे प्रथम पहावे.

तपासणीपूर्वी संच पुरवठ्यापासून तोडून छानक धारित्रांतील विद्युत् भार काही किलोओहम रोधातून काढून टाकावा. संच बंद केल्यावरही त्यांत ३०० व्होल्टांहून अधिक दाब काही काळ राहू शकतो. त्यानंतर डोळे आणि नाक यांचा उपयोग करावा. करपलेल्या रोगणाचा वास, गाभ्यावर ओघळलेले मेण, काळवंडलेला कागद ही चिन्हे मापकाआधी बोलतात. प्राथमिक गुंडाळीचा रोध साधारणतः काही दशक ओहम, उच्च दाबाच्या संपूर्ण गुंडाळीचा काहीशे ओहम व तापक गुंडाळीचा एक ओहमपेक्षाही कमी असतो. उच्च दाबाच्या दोन अर्ध्या भागांच्या रोधांत थोडा फरक आढळला, तर तो दोष नव्हे. बाहेरच्या वेढ्यांना तार अधिक लागते. रोध अनंत दाखविल्यास गुंडाळी तुटलेली आहे. गुंडाळी व गाभा यांमधील निरोधन ५०० व्होल्टच्या निरोधनमापकाने पहावे, मात्र त्याआधी मध्यबिंदूची चासीशी असलेली जोडणी सोडवावी.

शेजारचे दोन-चार वेढे एकमेकांस चिकटले असतील, तर रोधमापकास ते कळत नाही. यासाठी कारागिरांची दिव्याची कसोटी उत्तम होय. प्राथमिक गुंडाळीच्या एकसरीत ४० वॉटचा तंतुदीप जोडतात व एकदिशकारक नलिका काढून ठेवतात. दिवा तेजाने पेटत राहिला, तर दोष एकदिशकारकाच्या अलीकडे आहे. मग तापकांच्या व तबकडीच्या दिव्यांच्या तारा सोडवाव्यात. दुय्यम बाजूस काहीही जोडलेले नसताना दिवा तेजाने पेटला, तर मात्र रोहित्रातच मंडलसंक्षेप झाला आहे असे निश्चित होते. चांगल्या रोहित्रात दिवा विझलेला किंवा जेमतेम लालसर राहतो.

नलिका काढल्यावर दिवा मंदावला, तर रोहित्र बहुधा निर्दोष असून अपराधी पुढे आहे. सर्वाधिक संशय छानक मंडलातील विद्युत् विच्छेद्य धारित्रांवर घ्यावा. वर्षानुवर्षे न वापरलेल्या संचात त्यांतून गळती होते. त्याखालोखाल प्रदान नलिकेच्या जालकास जोडलेले कागदी धारित्र येते. ते गळू लागले की जालक धन होते, नलिका बेसुमार प्रवाह घेते आणि रोहित्र तापत जाते. संच यावेळी वाजतही असतो, त्यामुळे हा दोष उशिरा ध्यानात येतो. एकदिशकारकाच्या ऋणाग्र-तापक निरोधनाचा भंग हेही एक कारण होय.

पुरवठ्याचाही विचार करावा लागतो. ११० व्होल्टच्या टोकावर जोडलेला संच २३० व्होल्टवर लावल्यास प्राथमिक गुंडाळी लवकरच करपते. केवळ ६० हर्ट्झसाठी बनविलेले अमेरिकन रोहित्र त्याच दाबाने ५० हर्ट्झवर चालविल्यास गाभ्यातील चुंबकीय प्रवर्तन २० टक्क्यांनी वाढते व गाभा तापतो. एकदिश पुरवठ्यावर तर प्रवाहास फक्त तारेचा रोधच अडवितो. तेथे रोहित्र टिकणे अशक्य. अनेक जुन्या संचांत वितळतार नसे. जेथे होती तेथे ती जळाल्यावर जाड तार बसविण्याची रीत पडली. पुष्कळ रोहित्रांचा बळी या एका सवयीने घेतला आहे. सुमारे ५० वॉट शक्ती घेणाऱ्या संचास ०·५ अँपिअरची मंदगती वितळतार पुरते.

फक्त ५ व्होल्टची गुंडाळी तुटली असल्यास एकदिशकारक नलिकेऐवजी सिलिकॉन द्विप्रस्थ बसवून रोहित्र वाचविता येते. परंतु त्यामुळे एकदिश दाब वाढतो व इतर नलिका तापण्यापूर्वीच धारित्रांवर येतो, म्हणून एकसरीत रोध घालणे अवश्य असते. पुन्हा गुंडाळावयाचे झाल्यास जुने वेढे मोजीत सोडवावेत. ५० हर्ट्झ व १ टेस्ला प्रवर्तन धरले, तर दर व्होल्टला लागणारे वेढे म्हणजे ४५ भागिले गाभ्याच्या छेदाचे चौ. सेंमी.मधील क्षेत्रफळ. १० चौ. सेंमी. गाभ्यास दर व्होल्टला ४·५ वेढे, म्हणजे २३० व्होल्टच्या प्राथमिक गुंडाळीस सुमारे १,०३५ वेढे पडतात. तापकाच्या गुंडाळीस हिशेबाने २८ येतात, पण तारेतील दाबघट भरून काढण्यासाठी एक-दोन वेढे जास्त देतात. नवे रोहित्र पहिल्यांदा चालू करताना एकसरीतील दिवा तसाच ठेवावा आणि तो मंद राहतो हे पाहूनच काढावा.