कर्नाळ्याच्या वाटेवर पाऊल कुठे ठेवावे?

पळस्पे फाट्यावर मुंबईहून आलेली वाट दुभंगते. एक रस्ता खोपोलीमार्गे बोरघाटाकडे जातो. दुसरा दक्षिणेला वळतो, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण मागे टाकतो आणि थोड्याच वेळात कर्नाळ्याच्या गर्द झाडीत शिरतो. दिवस उजाडत असताना या फाट्यावर वाहनांची रांग तुटत नाही. त्याच वेळी, डांबराच्या कडेला आखलेल्या पांढऱ्या पट्टीच्याही बाहेर, विहार करणारे साधू-साध्वी अनवाणी पावलांनी पुढच्या मुक्कामाकडे निघालेले दिसतात. दृष्टी चार हात पुढच्या भूमीवर; पायाखाली मुंगीही येऊ नये ही दक्षता. आगमांनी तिला ईर्यासमिति म्हटले आहे. शेजारून ताशी ऐंशीच्या वेगाने मालमोटार जाते, तिच्या चालकाला मात्र चार हातांवरचे माणूसही दिसत नाही.

विहारातील अपघाताची वार्ता समाजाला नवी नाही. ती आली की शोकसभा होते, गुणानुवाद होतो, आणि मग विहारसेवेतील तरुण अधिक संख्येने, चमकणारी जाकिटे घालून पुढे-मागे चालू लागतात. त्यांची सेवा अनुमोदनीयच आहे. तथापि हा प्रश्न केवळ साधुसंतांचा नाही. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. शाळेत निघालेले मूल, कारखान्यातून परतणारा कामगार, भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली आदिवासी बाई हे सारे त्याच पांढऱ्या पट्टीबाहेरचे प्रवासी. रस्ता आखताना त्यांना जागाच दिली नसेल, तर जाकीट कितीही चमकले तरी ते उभे कुठे राहणार?

वाटेने माणसांचे भाग्य कसे बदलते, हे पनवेलइतके थोड्या गावांना ठाऊक असेल. एकेकाळी मुंबईहून होडीने पनवेलच्या बंदरात उतरायचे आणि तेथून घाट चढून पुण्याला जायचे, असा रिवाज होता. कोकणातील बंदरांतून देशावर जाणाऱ्या या मालवाटेवर नजर ठेवायलाच कर्नाळ्याचा किल्ला उपयोगी पडे. त्याचा अंगठ्यासारखा सुळका दूरवरून ओळखू येतो. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि पनवेलची पेठ भरभराटली. पुढे लोहमार्ग कर्जतवरून गेला. १८६३ मध्ये आगगाडी घाट चढू लागली आणि पनवेलचा तो जुना व्यापार ओसरला. गाव तेच, माणसे तीच. वाहतुकीचा एक निर्णय तेवढा दुसरीकडे झाला.

शंभर वर्षांनी निर्णय पुन्हा पनवेलच्या दाराशी आला. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर उभारण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. मूळ विचार फार शहाणपणाचा होता: एकाच अवाढव्य शहराऐवजी रेल्वेमार्गावर ओवलेल्या अनेक लहान वसाहती, प्रत्येकीच्या मध्यभागी स्थानक, शाळा, बाजार, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरात. या नगरासाठी पंचाण्णव गावांनी आपली शेते आणि मिठागरे दिली. १९८४ च्या जानेवारीत भूमिपुत्रांच्या आंदोलनात पाच जणांनी प्राणही गमावले, हे विसरून या शहराबद्दल बोलणे बरे नव्हे.

पण कागदावर जी रेल्वे पहिली होती, ती प्रत्यक्षात शेवटी आली. वाशीला लोकल पोचली १९९२ मध्ये आणि पनवेलला १९९८ मध्ये. दरम्यान माणसे राहायला आली होती. त्यांनी स्कूटर घेतली, मग मोटार घेतली आणि रुंद रस्त्यांची सवय लावून घेतली. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबईची पहिली मेट्रो धावू लागेपर्यंत २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. सवय एकदा जडली की शहरालाही ती सोडवत नाही.

असे जडलेले काही सोडून दाखवलेल्या शहरांत नेदरलँड्समधील उट्रेख्त हे एक. या देशाचे नाव काढले की सायकली आठवतात आणि ‘त्यांची संस्कृतीच तशी’ असे म्हणून विषय संपवला जातो. वस्तुस्थिती तशी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडेही मोटारींचे वेड शिगेला पोचले होते. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्या मुलांचे आईबाप रस्त्यावर उतरले. ‘बालहत्या थांबवा’ हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. शब्द मवाळ करण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने मोटारमुक्त रविवार पाळायला लावले, तेव्हा महामार्गांवर मुले चाके लावलेल्या बुटांवर खेळली आणि रिकामा रस्ता कसा दिसतो ते लोकांनी प्रथमच पाहिले. आजच्या सायकलवाटांचे मूळ परंपरेपेक्षा या शोकात अधिक आहे.

उट्रेख्तने त्या काळात एक मोठी चूकही केली होती. जुन्या नगराभोवती शतकानुशतके वाहणाऱ्या खंदकाचा एक भाग १९७० च्या दशकात आटवून तेथे मोटारींसाठी महामार्ग बांधला. २००२ मध्ये नगरवासीयांनी सार्वमतात पाण्याच्या बाजूने कौल दिला आणि २०२० च्या सप्टेंबरात त्या जागी पुन्हा पाणी खेळू लागले, नावा चालू लागल्या. रस्ता उखडून पाणी आणण्याचे हे उदाहरण पनवेलकरांनी जरा निवांत वाचावे. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे अशी तळ्यांची नावे मिरवणारे हे गाव आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात गाढी नदीने आपली जुनी जागा कशी मागून घेतली, हे येथील वडीलधाऱ्यांना आजही सांगता येते.

त्याच शहराच्या मध्यवर्ती स्थानकाखाली आता साडेबारा हजार सायकली ठेवण्याची सोय आहे. माणूस सायकलवर घरून निघतो, ती ठेवतो, जिना चढतो आणि गाडीत बसतो. आपल्याकडे रेल्वे आहे, पण घर ते स्थानक हा दोन-तीन किलोमीटरांचा टप्पाच अवघड. तेवढ्यासाठी घरोघरी दुचाकी येते आणि एकदा आली की ती दुधासाठीही बाहेर निघते.

उट्रेख्तच्या शेजारी हाउटेन नावाचे छोटे नगर आहे. रॉब डर्क्स या वास्तुकाराने त्याची आखणी अशी केली की एका पेठेतून दुसऱ्या पेठेत मोटारीने थेट जाताच येत नाही. आधी बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर यायचे, वळसा घालायचा, मग आत शिरायचे. सायकलस्वार आणि पादचारी मात्र हिरव्या वाटांनी सरळ मधल्या स्थानकापर्यंत पोचतात. मोटारीला बंदी नाही, दंड नाही. जवळची वाट तेवढी चालणाऱ्याच्या वाट्याला ठेवली आहे. वाचताना ही युक्ती साधी वाटते, पण ती घरे बांधण्यापूर्वी करावी लागते. भिंती उभ्या राहिल्यावर तिचा खर्च कुणालाच परवडत नाही.

पनवेलसाठी नेमका हाच काळ आहे. २०१६ च्या १ ऑक्टोबरला येथे महानगरपालिका आली. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. २०२५ च्या ८ ऑक्टोबरला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी ‘नैना’ हा प्रदेश २०१३ मध्येच अधिसूचित झाला होता. तेथे नगररचना परियोजनांतून शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, आधी रस्ते व मोकळ्या जागा काढायच्या आणि मग प्रत्येकाला विकसित भूखंड परत द्यायचा, अशी पद्धत आहे. म्हणजे रस्त्याची रेघ इमारतीच्या आधी पडते. त्या रेघेत सलग पदपथ किती रुंद असेल, झाडाला जागा कुठे असेल, चौकात वेग ताशी तीसवर येईल असे वळण असेल की नाही, हे सारे आज कागदावर ठरते आहे. ताशी तीसने आलेल्या वाहनाची धडक बसली तर माणूस वाचण्याची शक्यता बरीच असते. पन्नासच्या पुढे ती झपाट्याने घटत जाते. हरकती व सूचनांची मुदत वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येते. आपल्या मंदिरांचे आणि उपाश्रयांचे ट्रस्टी ती वाचत असतील, अशी आशा करायला हरकत नाही.

आणि या सगळ्या धामधुमीच्या दक्षिण टोकाला कर्नाळा उभा आहे. महाराष्ट्रातील हे पहिले पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये घोषित झाले, तेव्हा ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचे होते. २००३ मध्ये त्याचा विस्तार बारा चौरस किलोमीटरांवर गेला. दीडशेहून अधिक जातींचे पक्षी एवढ्याशा जंगलात वावरतात आणि त्याच जंगलातून मुंबई–गोवा महामार्ग जातो. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. कोकणवासीयांना चांगला रस्ता हवाच. गणपतीच्या दिवसांत बारा-बारा तास कोंडीत अडकलेल्या कुटुंबाला पक्ष्यांविषयी प्रवचन देणे क्रूरपणाचे ठरेल. प्रश्न रस्ता असावा की नसावा हा नाहीच.

प्रश्न त्या रस्त्यावर येऊन बसणाऱ्या माकडांचा आहे, आणि येथे जीवदया मानणाऱ्या घरांनी थोडे थांबून विचार करावा. मोटार थांबते, काच खाली होते, केळी आणि बिस्किटे बाहेर येतात. हेतू करुणेचाच असतो. परंतु खाऊ मिळतो म्हणून माकड जंगल सोडून डांबरावर येते, पिल्लाला पोटाशी धरून दुभाजकावर वाट पाहते आणि पुढची मोटार थांबत नाही. जो घास पुण्य म्हणून दिला, तोच त्याला चाकाखाली घेऊन येतो. केळी घरी आणून गोशाळेत द्यावीत. कर्नाळ्यात काच वर ठेवावी.

प्राण्यांना रस्ता ओलांडू देण्याचे मार्ग जगाला सापडलेले आहेत. नेदरलँड्समध्ये हिल्वरसम गावाजवळ २००६ मध्ये ८०० मीटर लांबीचा, माती आणि झाडांनी आच्छादलेला पूल झाला. खालून गाड्या धावतात, वरून हरणे जातात. इतके दूर जायचे कारण नाही. आपल्याच विदर्भात, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर–सिवनी महामार्गाखाली प्राण्यांसाठी नऊ मोकळे मार्ग ठेवले आहेत आणि तेथून वाघासह अनेक प्राणी ये-जा करताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. तमिळनाडूत वालपराईच्या रस्त्यावर वानरांसाठी झाडाच्या शेंड्यापासून शेंड्यापर्यंत झुलते पूल बांधले. वानरांनी ते आपलेसे केले. कर्नाळ्याच्या माकडांची गरज अशा एखाद्या झुलत्या वाटेएवढीच आहे.

चालणाऱ्या माणसांसाठीही महाराष्ट्राने एक पायंडा पाडला आहे. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणारे पालखी मार्ग चौपदरी करण्याच्या कामाची पायाभरणी २०२१ च्या ८ नोव्हेंबरला झाली, तेव्हा वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना स्वतंत्र पायवाटेची तरतूद आराखड्यातच करण्यात आली. महामार्गाला पायवाट शोभत नाही, असे त्यामुळे आता कुणी म्हणू शकणार नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर पायी चालण्यास मनाई आहे. त्यामुळे पुण्याकडचा विहार खोपोलीच्या जुन्या रस्त्याने होतो आणि कोकणाकडचा कर्नाळ्यावरून. पळस्पे हा त्या दोन्ही वाटांचा सांधा आहे. पहिली मागणी करायची तर ती येथूनच करावी: फाट्यापासून शिरढोणपर्यंत, दुभाजकासारख्या भक्कम कठड्याने वाहनांपासून वेगळी केलेली, रात्री दिवे असलेली पायवाट. तिच्यावरून साध्वीजी जातील, शिरढोणची मुलेही जातील.

आषाढ लागला की विहार थांबतो. पावसात जमिनीतून असंख्य जीव वर येतात, म्हणून श्रमण चार महिने एका ठिकाणी स्थिर होतात. त्याच सुमारास कर्नाळ्यात तिबोटी खंड्या आलेला असतो. वीतभरही नसलेला, निळ्या-जांभळ्या-केशरी रंगांचा हा पक्षी रायगडचा जिल्हा पक्षी मानला जातो. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तो आडवे बीळ कोरतो आणि त्यात पिल्ले वाढवतो. बेडूक, सरडे, कोळी चोचीत घेऊन तो दिवसभर बिळाकडे खेपा घालतो. पलीकडे पन्नास पावलांवर महामार्गाचा आवाज अखंड चालू असतो.