एक कट्टा, तीन दोस्त आणि २० वर्षं

२७ वर्षांचे तीन दोस्त झाडाखाली बसले की विषय कुठले निघतात? नोकरी, लग्न, ईएमआय, फार तर परवाची मॅच. १२ मे १७८७ रोजी लंडनजवळच्या केस्टन गावी, होलवूड इस्टेटीत असेच तिघं एका जुन्या ओकच्या झाडाखाली बोलत होते. फरक एवढाच, की त्यातला विल्यम पिट ब्रिटनचा पंतप्रधान होता. इस्टेटही त्याचीच. दुसरा विल्यम ग्रेनव्हिल, तिसरा खासदार विल्यम विल्बरफोर्स. तिघंही विल्यम, तिघंही २७ चे!

तेव्हा ब्रिटिश जहाजं दरवर्षी आफ्रिकेतली हजारो माणसं बेड्या घालून अटलांटिकपार विकायला नेत. हा धंदा बंद करायचा प्रस्ताव संसदेत तूच मांड, अशी गळ पिटने मित्राला घातली. विल्बरफोर्सने तिथंच ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं होतं हो! १७९१ मध्ये विधेयक ८८ विरुद्ध १६३ मतांनी आपटलं. विल्बरफोर्स पुन्हा पुन्हा ते मांडत राहिला. पण ही एकट्याची लढाई नव्हती. स्वतः गुलामी भोगलेल्या ओलाउडा इक्वियानोने १७८९ मध्ये आत्मचरित्र छापलं आणि ब्रिटनभर फिरून लोकांना जागं केलं. हजारो घरांनी गुलामांच्या घामाची साखर सोडली. आजच्या हैतीत तर गुलामांनीच उठाव केला.

अखेर १८०७ मध्ये २८३ विरुद्ध १६ मतांनी गुलामांचा व्यापार बंद झाला. पंतप्रधान होता ग्रेनव्हिल. पिट मात्र आदल्याच वर्षी गेला होता.

संपलं? छे! बंद झाला तो व्यापार. वसाहतींतल्या गुलामगिरीविरुद्धचा कायदा १८३३ चा. त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली, पण मालकांना! गुलामांच्या हाती छदामही नाही. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, म्हणजे आपणही, त्यातून वगळलेले. आपल्याकडे कायदा आला १८४३ मध्ये.

त्या ओकपाशी १८६२ मध्ये एक दगडी बाक बसवला गेला. त्यावर विल्बरफोर्सचे शब्द कोरलेत, इक्वियानोचं नाव नाही. तेव्हा कधी तिकडे गेलात आणि त्या बाकापाशी फोटो काढलात, तर कॅप्शनमध्ये तरी त्याचं नाव टाका.