वारीआधीची सुई

वैशाख सरत आला की सातारा-सांगलीकडचे म्हातारे वारकरी दवाखान्यात विचारतात, "डॉक्टर, सुई घेऊ की नको? ताप आला तर वारी चुकेल." करोनामुळे २०२० व २०२१ साली पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या. २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून ही विचारणा वाढली आहे.

ही सुई म्हणजे फ्ल्यूची लस. लोणंद, फलटणच्या मुक्कामी पावसात भिजून राहुटीत दाटीवाटीने झोपावे लागते. एकाचा खोकला दहांना लागतो. तरुण माणूस चार दिवसांत उठतो. पण साठी उलटलेल्यांना, त्यातही मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. लस घेतल्याने फ्ल्यू होणारच नाही असे नव्हे. पण तो जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते.

दंड दुखणे, कणकण येणे हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत जातो. मात्र शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून प्रस्थानाच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान पंधरा दिवस आधी लस घ्यावी. विषाणू बदलत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते. पूर्वी एखाद्या लसीची तीव्र ॲलर्जी झाली असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. न्यूमोनियाची लस वेगळी, तिच्याविषयीही विचारावे.

जुलाबावर या सुईचा उपयोग नाही. त्यासाठी शुद्ध पाणी प्यावे, हात धुवावेत व जलसंजीवनीच्या पुड्या पिशवीत ठेवाव्यात. नेहमीच्या गोळ्या वारीतही चुकवू नयेत.