रंग आवडीचा, फिनिश गरजेचे

शाबानचा चांद दिसला की आपल्या घरांत साफसफाईचे वारे वाहू लागतात. माळे उपसले जातात, पडदे धुतले जातात आणि "यंदा ईदपूर्वी भिंतींना रंग काढून घेऊ" असे कुणीतरी म्हणतेच. मग शेडकार्ड घरी येते. पिस्ता की क्रीम, यावर दोन दिवस चर्चा होते. पण दुकानात गेल्यावर दुकानदार शेवटी विचारतो, "मॅट देऊ की शाइन?" आणि घाईघाईत उत्तर दिले जाते, "चांगला असेल तो द्या."

खरे तर भिंत किती वर्षे टिकेल, मुलांच्या हातांचे डाग निघतील की नाही, जुन्या भिंतीचे खाचखळगे दिसतील की झाकले जातील, हे सारे शेडवर नव्हे तर फिनिशवर ठरते. सामान्य घरात रंगकाम पाच-सात वर्षांतून एकदा होते. रंगाचे पैसे, पेंटरची मजुरी आणि चार दिवस विस्कटलेले घर, एवढे सोसल्यावर भिंत मनाजोगती झाली नाही तर पुढची सगळी वर्षे तिच्याकडे बघत काढावी लागतात. म्हणून ही निवड समजून करावी, असे आम्हाला वाटते.

चमक येते कुठून?

रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. रंग देणारी आणि भिंत झाकणारी पूड, तिला भिंतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ म्हणजे बाइंडर, आणि पाणी किंवा थिनर. पाणी उडून जाते, उरलेल्या दोघांचा थर भिंतीवर राहतो. पूड जास्त आणि बाइंडर कमी असेल तर थर सूक्ष्म खरखरीत राहतो, प्रकाश चहूकडे विखुरतो. हा झाला मॅट. बाइंडर जास्त असेल तर थर गुळगुळीत होतो, प्रकाश एकाच दिशेने परततो. ही झाली चमक.

यातून दोन्हींचे गुणदोष आपोआप कळतात. मॅट भिंतीतले उंचवटे लपवतो, डोळ्यांना शांत वाटतो, पण तेलकट डाग शोषून घेतो. जोरात घासला तर तेवढीच जागा चकचकीत होते. चमकदार थर ओल्या फडक्याने पुसता येतो, पण भिंतीचा प्रत्येक खड्डा चव्हाट्यावर मांडतो. या दोहोंच्या मधले फिनिश म्हणजे सॅटिन किंवा सिल्क. त्यात मंद झळाळी असते आणि ते बऱ्यापैकी धुताही येते. डिस्टेंपर सर्वांत स्वस्त, पण पुसण्याची सोय कमी. दारे, खिडक्या, गज यांना ऑइलपेंट म्हणजे एनॅमल.

खोलीप्रमाणे नव्हे, भिंतीप्रमाणे ठरवा

मुंब्रा, भिवंडी, मालेगाव अशा ठिकाणी अनेक कुटुंबे एक-दोन खोल्यांत राहतात. तिथे "हॉलला हे, किचनला ते" हा हिशेब चालत नाही. एकाच खोलीत एका कोपऱ्यात स्वयंपाक होतो, दुसऱ्या बाजूला मुले अभ्यास करतात. म्हणून प्रत्येक भिंतीला काय सोसावे लागते, ते पाहावे.

चुलीमागची आणि बाजूची भिंत: रमजानमध्ये रोज इफ्तारला भजी, समोसे तळले जातात. तेलाची वाफ भिंतीवर बसते. टाइल्स नसतील तर इथे सॅटिन किंवा त्याहून चमकदार, धुता येणारे फिनिश हवे. शेड तीच ठेवून फिनिश बदलता येते, त्यामुळे खोली तुकड्यातुकड्यांची दिसत नाही.

वजूची जागा, बेसिनची भिंत: पाण्याचे शिंतोडे रोजचे. निदान चार फूट उंचीपर्यंत टाइल्स किंवा चमकदार फिनिश असावे.

मुलांच्या हाताची उंची, जिना, पॅसेज: इथे सॅटिन.

छत: पूर्ण मॅट. छताला कुणी हात लावत नाही आणि प्लास्टरच्या लाटा तिथेच सर्वाधिक दिसतात.

नमाजची जागा: समोरची भिंत साधी आणि मॅट असावी. ट्यूबलाइटचे चकाकणारे प्रतिबिंब नजरेसमोर नको. नक्षीदार चादरीकडे नमाजमध्ये लक्ष गेले म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती परत पाठवली, ही हदीस आपण ऐकली आहे. तोच विचार इथे लागू होतो.

दादी-नानींची खोली: मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना चकाकी त्रास देते. तिथेही मॅट किंवा अगदी मंद झळाळीच बरी.

आधी भिंतीची तब्येत पाहा

रात्री दिवा मालवून मोबाइलची बॅटरी भिंतीला चिकटवून धरा. प्रकाश आडवा पडला की खड्डे-उंचवट्यांच्या सावल्या दिसतात. सावल्या खूप असतील तर एक तर पुट्टीवर खर्च करा, नाहीतर मॅट घ्या. पुट्टीत काटकसर करून वर महागडा चमकदार रंग लावणे म्हणजे पैसे खर्चून दोष दाखवणे.

ओल तपासण्यासाठी फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि २४ तासांनी पाहा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला दव जमले असेल तर ओल भिंतीतून येते आहे. अशा भिंतीवर चमकदार थर दिला की आतले पाणी कोंडते, फुगे येतात आणि पोपडे सुटतात. आधी गळका पाइप, गच्चीची भेग, बाहेरचे प्लास्टर दुरुस्त करावे. रंग हे ओलीवरचे औषध नव्हे. नवे प्लास्टर असेल तर निदान २८ दिवस मुरू द्यावे आणि पूर्ण सुकल्यावरच प्रायमर मारावा.

कोकणातल्या जुन्या चिरेबंदी घरांना चुन्याचे थर असतात. भुसभुशीत चुन्यावर प्लास्टिक पेंट धरत नाही, सालीसारखा सुटतो. एक तर चुना नीट खरवडून काढावा, नाहीतर पुन्हा चुनाच द्यावा. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो आणि बुरशीही लवकर धरत नाही. त्यात कमीपणा काहीच नाही.

ईद सरकते, पावसाळा सरकत नाही

हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येते. २०१५ मध्ये रमजान जून-जुलैत होता, २०२६ मध्ये तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे ईदपूर्वी रंग काढण्याची रीत काही वर्षे कोरड्या हवेत जमते आणि काही वर्षे भर पावसात येते. पावसाळ्यात शाबान आला तर त्या वर्षी फक्त भिंती पुसून घ्याव्यात आणि रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत काढावा. ईद नव्या रंगावाचूनही साजरी होते. ओल्या भिंतीवरचा रंग मात्र पुढची ईद पाहत नाही.

मुलांची काळजी

घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहून घ्यावा. पण दारा-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट त्याआधीचा असू शकतो. तो कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर पसरते. ओल्या पॉलिशपेपरनेच घासावे आणि त्या दिवसांत लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना नातलगांकडे पाठवावे. दमा असलेल्या माणसाला रंग पूर्ण सुकून वास जाईपर्यंत त्या खोलीत झोपवू नये.

हिशेब आणि हक्क

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घेऊ. चार भिंतींची लांबी ४४ फूट, म्हणून क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता साधारण ४०० उरते. दोन हातांसाठी एक लिटर १०० चौरस फूट पुरतो असे डब्यावर लिहिले असेल, तर चार लिटर पुरेत. एवढा हिशेब असला की जादा डबे येत नाहीत आणि इसराफही टळतो. उरलेला रंग झाकण घट्ट लावून ठेवावा. मॅटवर पुढे डागडुजी केली तर ती सहज मिसळून जाते, चमकदार भिंतीवर मात्र ठिगळ दिसते.

डबा आपल्यासमोर उघडायला सांगावे, पाणी किती घालायचे ते डब्यावर वाचावे, किती हात मारायचे ते आधी ठरवावे. आणि काम झाले की पेंटरची मजुरी त्याच दिवशी द्यावी. तो त्याचा हक्क आहे.

शेवटची गोष्ट. रंग बहुतेक घरांत पुरुष आणतात आणि भिंती पुसतात बायका. चुलीमागचा डाग कसा निघतो, मुले कुठे हात पुसतात, पावसात कोणता कोपरा काळा पडतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना दुकानात जाण्यापूर्वी विचारले पाहिजे. मशवरा केलेल्या कामात बरकत असते, आणि या कामात तर पैसेही वाचतात.