महागडा मॉनिटर नेमका काय दाखवतो?

बसमध्ये आहात, इअरफोन घरी राहिलाय, किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, अशा सगळ्यांसाठी हा आजच्या भागाचा लिखित उतारा. विषय आहे मॉनिटर. साधा नाही, फोटोग्राफर, डिझायनर आणि व्हिडिओ एडिटर लोक वापरतात तो महागडा मॉनिटर.

२०१९ मध्ये ॲपलनं प्रो डिस्प्ले एक्सडीआर आणला. किंमत ४,९९९ डॉलर, आणि त्याचा स्टँड वेगळा, तोही ९९९ डॉलरला! तेव्हा आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न होता, "काऊन बाप्पा, यात असं आहे तरी काय?" मीही तेव्हा हसलो होतो. उत्तर मला नंतर एका लग्नानं शिकवलं.

हिंगणघाटकडचं लग्न होतं. माझी पहिली पूर्ण ऑर्डर. रात्री जागून, खोलीतला दिवा बंद करून, जुन्या मॉनिटरचा ब्राइटनेस १०० वर ठेवून मी सगळे फोटो एडिट केले. स्क्रीनवर काय दिसत होते म्हणून सांगू! अल्बम छापून आला तर सगळी पानं अंधारलेली. चेहरे काळपट, आणि नवरीचा पोपटी शालू चक्क शेवाळी. तिची आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाळा, शालू असा नव्हता रे." अल्बम पुन्हा छापला, माझ्या खिशातून. आधी मी लॅबवर चिडलो. मग कळलं, लॅबनं फाइलमध्ये होतं तेच छापलं होतं. खोटं बोलला होता माझा मॉनिटर.

तर आजची मुख्य गोष्ट ही आहे: चांगला मॉनिटर फोटो सुंदर दाखवत नाही, तो फोटो खरा दाखवतो. पैसे त्या खरेपणाचे असतात. आता एकेक फीचर बघू.

पहिलं, ब्राइटनेस. हा निट्समध्ये मोजतात. घरगुती मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर साधारण २५० ते ३५० निट्स देतो. पण कागद स्वतः उजेड देत नाही ना! म्हणून छपाईसाठी एडिट करताना स्क्रीन ८० ते १२० निट्सच्या आसपास ठेवतात. मी ती तिप्पट उजळ ठेवली होती. फोटो स्क्रीनवर भरपूर उजळ दिसला, म्हणून मी तो फाइलमध्ये उजळ केलाच नाही. कागदावर अंधार आला तो असा. मग काही मॉनिटर १००० निट्सची जाहिरात करतात, ते कशाला? ते एचडीआर व्हिडिओसाठी, जिथे दिव्याची झगमग आणि गडद सावली एकाच फ्रेममध्ये दाखवायची असते. अल्बमला त्याचा उपयोग नाही.

दुसरं, कलर गॅमट. म्हणजे मॉनिटर किती रंग दाखवू शकतो त्याची हद्द. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं एसआरजीबी नावाची हद्द ठरवली. इंटरनेटवरचे बहुतेक फोटो आजही तिच्यातच असतात. १९९८ ची ॲडोबी आरजीबी तिच्यापेक्षा मोठी, विशेषतः हिरव्या आणि निळसर-हिरव्या रंगांत. डीसीआय-पी३ ही सिनेमावाल्यांची हद्द. झगझगीत पोपटी किंवा मोरपंखी शालू कधी कधी एसआरजीबीच्या हद्दीबाहेर जातो, आणि तिथे मोठ्या गॅमटचा मॉनिटर कामी येतो.

पण यात एक फसगत आहे. मोठ्या गॅमटच्या मॉनिटरवर साधा फोटो उघडला आणि सॉफ्टवेअरनं रंग नीट सांभाळले नाहीत, तर सगळं भडक दिसतं. मग आपण रंग कमी करतो, आणि लोकांच्या मोबाइलवर तोच फोटो फिका पडतो. म्हणून चांगल्या मॉनिटरमध्ये एसआरजीबी मोड असतो. रील किंवा पोस्टचं काम करताना तो लावा.

तिसरं, डेल्टा ई. फाइलमधला रंग आणि स्क्रीनवर उमटलेला रंग यांत किती फरक आहे, तो आकडा. १ च्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. सरासरी २ पेक्षा कमी असेल तर मॉनिटर कामाचा.

आपल्या वर्ध्यात माझ्या मते हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. कारण सांगतो. मगनवाडीतलं मगन संग्रहालय तुम्हाला माहीत असेल. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथे खादी आणि नैसर्गिक रंगांचं काम चालतं. न रंगवलेल्या खादीचा तो दुधाळ रंग आठवा. किंवा सेवाग्रामच्या बापू कुटीची मातीची भिंत आठवा. हे भडक रंग नाहीत, ते कुठल्याही गॅमटमध्ये आरामात बसतात. पण मॉनिटर थोडा जरी निळसर असला, तर आपण फोटो पिवळा करून ठेवतो. दुधाळ खादी हळदीसारखी दिसते, मातीची भिंत नारिंगी. भडक लाल रंग थोडा हलला तर कुणाला कळत नाही. सौम्य रंग हलला की लगेच कळतं. आणि असं कापड मोबाइलवर फोटो बघून कुणी मागवलं, तर पार्सल उघडल्यावर ते म्हणणारच, "हे ते नाही." विणणाऱ्याची मेहनत खरी असते, तरी माल परत येतो.

चौथं, कॅलिब्रेशन. मॉनिटर जुना होतो तसे त्याचे रंग सरकतात. स्क्रीनवर ठेवायचं एक छोटं सेन्सर यंत्र मिळतं, ते रंग मोजून सुधारणा करतं. आयझोच्या कलरएज मालिकेतल्या काही मॉनिटरमध्ये हा सेन्सर आतच बसवलेला असतो. महागड्या किमतीतला मोठा वाटा अशा गोष्टींचा. आणखी एक म्हणजे सारखेपणा. स्वस्त स्क्रीनचा कोपरा मधल्या भागापेक्षा अंधारा असतो, आणि आपल्याला वाटतं फोटोच तसा आहे.

पाचवं, बिट्स. ८ बिटमध्ये लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकाच्या २५६ छटा. एकूण सुमारे १.६७ कोटी रंग. १० बिटमध्ये प्रत्येकी १०२४ छटा, म्हणजे १०७ कोटी. पवनारला धाम नदीकाठी सूर्यास्त टिपलाय, असं समजा. ८ बिटमध्ये त्या आकाशात कधी कधी पट्टे दिसतात, १० बिटमध्ये रंग अलगद बदलत जातो.

शेवटी रिझोल्यूशन. २७ इंची ४के मॉनिटरवर एका इंचात सुमारे १६३ पिक्सेल बसतात, २४ इंची फुल एचडीवर सुमारे ९२. फोकस तपासायला ४के छान. पण चुकीचा रंग ४के मध्ये फक्त जास्त स्पष्ट चुकीचा दिसतो!

आता खिशाचं बोलू. लगेच लाखाचा मॉनिटर घेऊ नका. आयपीएस पॅनेल, एसआरजीबी १०० टक्के, आणि डब्यात डेल्टा ई २ पेक्षा कमी असल्याचा फॅक्टरी रिपोर्ट, एवढं बघा. कॅलिब्रेशनचं यंत्र चार-पाच मित्रांनी मिळून घ्या, महिन्यातून एकदा फिरवा. मॉनिटर सुरू करून अर्धा तास गरम होऊ द्या, मग रंगांना हात लावा. खिडकीचं ऊन स्क्रीनवर येऊ देऊ नका. आपल्याकडच्या मे महिन्याच्या दुपारी तर नाहीच. लॅबकडून त्यांची कलर प्रोफाइल मागून घ्या, आणि पूर्ण अल्बमआधी एक पान छापून बघा.

आणि मोबाइलवरच एडिट करणाऱ्यांनो, डिस्प्ले सेटिंगमध्ये जा. 'व्हिव्हिड'च्या जागी 'नॅचरल' निवडा, आणि डोळ्यांसाठीचा पिवळा नाइट मोड एडिट करताना बंद ठेवा. हे फुकट आहे, आणि अर्धं काम तिथेच होतं.

मी आजही लाखाचा मॉनिटर घेतलेला नाही. पण आता अल्बम देण्याआधी एक काम करतो. ज्या घरचं लग्न, त्यांच्याकडे नमुन्याचं पान घेऊन जातो, शालू मागतो आणि सावलीतल्या उजेडात दोन्ही शेजारी धरतो. परवा एक काकू म्हणाल्या, "हो, हाच." बस, एवढंच ऐकायचं असतं.

तुमचा फोटो छापून आल्यावर कधी वेगळाच दिसलाय का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू लवकरच!